उलानने वाचलेला निबंध

बिश्केक, १४ ऑक्टोबर

आदरणीय गुरुवर्य झाकीर आगाय,

सादर नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं तुमच्या घरून बर्मेत एजे फोनवर म्हणाल्या. बरं वाटलं. पडल्या पडल्या संपादकीय काम करू नका.

परिषद छान झाली. आपल्या भूकंप-गटाचे चार निबंध झाले, गाजला तो तुमच्या जावयाचा. उलानने नवा सूट घालून डोंगराखालच्या खडकातली ती नवी भेग, तो नवा भ्रंश, दाखवला. चित्रं माझी होती. वसंतात तुमच्या मासिकाला पाठवलेल्या लेखातली, जो तुम्ही 'तपासायला' ठेवून घेतलात. निबंधावर तुम्हा दोघांची नावं होती. माझं आभारातही नव्हतं. राहून गेलं असेल.

एका जपानी पाहुण्याने विचारलं, "भूकंपाच्या लाटा नारीनच्या ठाण्यालाच उशिरा का पोचतात?"

"तिथली जमीनच तशी आहे," उलान म्हणाला. टाळ्या पडल्या. याच निबंधावर त्याला प्रयोगशाळाप्रमुख करायचं ठरलंय म्हणे.

रात्री जेवताना मानाचं मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढेच आलं. लहानांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून त्यांना त्याचा कान कापून देतात, तो त्याने माझ्या ताटात टाकला. "खा नुर्जामाल, आणि जरा ऐकायला शीक!" मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. सगळे हसले, मीही हसले. 

खरं तर जपानी पाहुण्याला उत्तर मी देऊ शकले असते. नारीनच्या ठाण्याचं घड्याळ पुढे धावतंय. जुलैत बॅटऱ्या बदलायला गेले तेव्हा पाहिलं, वेळ जुळवणाऱ्या अँटेनाची तार उंदरांनी कुरतडली होती. लाटा उशिरा येतच नाहीत, आणि त्या उशिरावरूनच तर मी भ्रंश मांडला होता. भ्रंश नाहीच, आगाय. लेख मागे घेते म्हणून सांगायला तुमच्या दाराशी आले, तर बाहेर परिषदेची पत्रिका लावलेली. तीत माझाच निबंध तुम्हा दोघांच्या नावावर वाचला आणि मुकाट्याने परत फिरले.

काल तो निबंध घेऊन तुमच्या मासिकाचा अंक छापून आला. आज मी मासिकाला चूक दाखवणारं टिपण पाठवलं, तारेच्या फोटोसकट. एक प्रत अकादमीला, एक त्या पाहुण्याला. असं टिपण पुढच्याच अंकात छापायचं हा नियम तुमचाच. संपादकाची सही लागेल. चालायला मनाई आहे ना? मीच कागद घेऊन दवाखान्यात येते.

तुमची विद्यार्थिनी, आणि या टिपणाची एकमेव लेखिका,
नुर्जामाल