गंगेतली काहिल

५ मे १९५५, गुरुवार
वालूरहून पहाटे निघालो. मानवतला दादा गाडीबैल घेऊन आलेला. माहेरी पोचायला दुपार टळली. गुऱ्हाळ आटोपून महिना झाला, रस कढवायची जुनी काहिल गंगेच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) डोहाच्या काठी पालथी पडलीय. कुसुमनं पाणीसुद्धा प्यायलं नाही, आधी तिकडे पळाली. हे मागून, "ऊन बग जरा." ऐकतंय कोण. माझीच लेक.

६ मे
गरगर, गरगर. गुळाच्या काहिलीची होडी केली तरी तिला ना नाक ना शेपूट. बाजूनं वल्हं म्हणून फावडं मारलं की जागच्या जागी फिरते. दादा काठावरून, "म्होरं मार गं. पानी आपल्याकडं वड." दुपारपर्यंत कुसुमची काहिल सरळ जायला लागली. मला चार दिवस लागले होते, दादाला सात. ते आज त्याला ऐकवलं.

माहेरची रीत: तेराव्या वर्षी एकट्यानं काहिल पलीकडे न्यायची, भोयांच्या वाळूतल्या वाडीतून खरबूज घेऊन परत यायचं. मुलींत आजवर मी एकटीच. कुसुमला यंदा तेरावं. यंदा राहिलं तर राहिलंच. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई तिला नदीवर पाठवायच्या नाहीत, निघतानाच त्यांचं तोंड सांगत होतं.

८ मे, रवि.
काहिलीच्या सांध्यातून पाणी झिरपतंय. दादा डांबर आणणार होता. पण आमचे मास्तर (गाव ह्यांना मास्तर म्हणतं, वहीत मीही) म्हणाले, "डांबर कशाला? चुना-गूळ. बुरूज हुबे हायेत त्याच्यावर. तजुर्बा हाय मला." शाळेचा ओटा एकदा लिंपला होता, तेवढाच तजुर्बा. दिवसभर उन्हात बसून लेप दिला. दादा मिशीत हसला, अडवलं नाही. दाजी पडले ना.

१० मे, मंगळ.
हसावं की भ्यावं, माझं मला अजून कळत नाही. लेपाची परीक्षा म्हणून मास्तर स्वतः काहिलीत बसले, वल्हवायला कुसुम. डोहाच्या मधोमध आधी मुंग्या वर आल्या, मग पाणी. ओल्या लेपातला गूळ विरघळणार नाही तर काय. अन् ह्यांना पोहता येत नाही. दादानं अंगरखा काढून पाण्यात उडी घेतली, तोवर कुसुमचा बापाला आवाज, "आण्णा, हलू नका. टोपीनं पानी उपसा." उपसत होते बिचारे. दादा पोचायच्या आत पोरीनं काहिल काठाला लावली.

मास्तर उतरले, टोपी पिळली. "बास झालं. उद्यापासून पोरीनं पाण्यात जायचं न्हाई. मोठी झाली ती."

११ मे
कुसुम जेवली नाही. मास्तर टोपीवरचा चुना खरवडत बसलेत. त्यांचा राग पाण्यावर नाही, लेपावर आहे. फेडतेय मात्र पोर. दादानं डांबर आणून सांधे भरले.

दिवेलागणीला मी बोललेच. "तिनं तुमाला काठाला आणलं, अन् तुमी तिला काठावर बसवायलाव." अजून चार शब्द होते पोटात, पण भाकरी करपायला लागली.

१३ मे, शुक्र.
सकाळी डोहावर गेलो तर मास्तर आधीच काठावर, छत्री उघडून. कुसुमला म्हणाले, "जा. पिकलेलं बगून आण." एवढंच.

मध्यावर वारा उठला. काहिल दोनदा गरकन फिरली. दादाच्या आधी मास्तरच ओरडले, "म्होरं मार, म्होरं." ज्यांना फावडं कुठल्या टोकाला धरायचं ठाऊक नाही ते. मग काहिल सरळ झाली अन् गेली. पलीकडे पोर टिंबाएवढी दिसली, वाकली, परत निघाली.

भोयांचा म्हातारा शेजारी उभा होता. कुणाच्या पोराला चांगलं म्हणायची त्याची रीत नाही. म्हणाला, "पोरगी पानी वळखती." मास्तरांनी ते त्याला पुन्हा म्हणायला लावलं, ऐकू आलं नाही असं दाखवून.

अभिमान वाटला. लिहायला लाज कसली? स्वतः गेले होते तेव्हाही इतका वाटला नव्हता. खरबूज कच्चं निघालं. सगळ्यांनी खाल्लं, मास्तरांनी दोन फोडी.

२१ मे, शनि. वालूर
आल्या आल्या सासूबाईंनी कुसुमचे हात धरून पाहिले. "हे घट्टे कशाचे गं?" मी तोंड उघडायच्या आत मास्तर, "गंगेपार काहिल नेली तिनं. एकटीनं." शाळेत पहिल्या आलेल्या मुलाचं नाव असंच वाचतात ते.

"नेली ना? मग पुरे झालं. पुढल्या साली पोरगी कुठं जायची न्हाई."

आईपुढं मास्तरांचं कधी चाललंय. कुसुम माझ्याकडे बघत राहिली, मी ताटं मांडायला घेतली.

जेवण झाल्यावर मास्तरांच्या हातावर पाणी घालत होते, तेव्हा हळूच विचारलं त्यांनी, "माज्या वयात पवायला शिकायचं म्हणलं तर किती दिवस लागतात?"

एक उन्हाळा, म्हटलं. पुढचाच, कुसुमला घेऊन माहेरी.