लांडग्याला कुणी सांभाळावं

“मोकळं वाटतंय बघ त्याला आता,” सहा वर्षांपूर्वी ताई दवाखान्यात मला फोनवरचा फोटो दाखवत म्हणाली होती. या कागदातलं सगळं त्या वाक्याशी येऊन थांबतं, म्हणून आधी ते लिहिलं.

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, पुस्तकबांधणी करणारी, एकटी राहणारी. आजार उलटला आहे, डोकं शाबूत आहे. कुणी सांगितलं म्हणून हे लिहीत नाही.

१. राहत्या दोन खोल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला.

२. सुया आणि दाबयंत्र कारखान्यातल्या सोबतिणीला. मोठी कातर तिने आधीच नेली आहे. मला माहीत नाही असं तिला वाटतं, वाटू द्यावं.

३. लांडग्या हा माझा कुत्रा, थंड मुलखातल्या दाट केसांच्या हस्की जातीचा, वय नऊ. त्याला राखणीला ठेवू नये, चोरापुढेही लोळण घेईल. भुंकतो कमी, गळा जास्त काढतो. शेजाऱ्यांना आधीच सांगावं. साखळीशिवाय सोडू नये, पळाला की हाक ऐकत नाही. ऊन चढण्याआधी तासभर पळवावं. वर्षातून दोनदा आतली लव पोतंभर गळते, तेव्हा विंचरावं. केस कापू नयेत. ते त्याला उन्हापासूनही वाचवतात.

४. केसांचं हे ताईला माहीत नव्हतं. मी चार महिने दवाखान्यात होते, तेव्हा तिनेच इथे येऊन राहून त्याला सांभाळलं. उकाड्यात त्याची धाप बघवेना, म्हणून मुळापासून भादरून आणलं. पुढे त्याची पाठ भाजली, केस आजही ठिगळांसारखे आहेत. फोटो पाहून मी वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले, “तुला मूल झालं नाही तेच बरं झालं.” ताईची तीन मुलं पोटातच गेली होती. तिन्ही वेळा तिच्या उशाशी मीच होते. “बरं,” एवढंच म्हणून तिने डबा उचलला. त्यानंतर माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. ते बोलणं मी साक्षीदारांसमोर मागे घेते.

५. लांडग्या ताईला द्यावा. तिच्याकडे हवा थंड आहे, अंगणाला कुंपण आहे. ती नको म्हणाली तर प्राण्यांच्या डॉक्टरांनी घर शोधावं. एवढं म्हातारं कुत्रं कुणी घेत नाही, असं तेच म्हणतात. कुणीच मिळालं नाही, तर पिंजऱ्यात न ठेवता त्याला कायमचं झोपवायची सुई द्यावी. ते मान खाली घालून हो म्हणाले.

सही: लिहून देणारी
साक्षीदार: १. प्राण्यांचे डॉक्टर २. वरच्या मजल्यावरची शिक्षिका
राहत्या घरी, दिनांक ९ मार्च

सहीनंतर जोडलेलं: ताई, याची एक प्रत आजच तुला पाठवते आहे. माझ्या हातात महिनाभरच उरलाय, असं दवाखान्यात सांगितलंय. मी दवाखान्यात गेले तेव्हा चार दिवस त्याने तोंडाला काही लावलं नव्हतं. तूच हाताने भरवलंस. आता मी असतानाच ये, त्याला माझ्यासमोर घेऊन जा. तू नाहीच म्हणशील. तरी ये.