सोयाबीनचे सीतादही

वर्धा,
८ जून १९८६

चि. रूपराव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. गुडघ्याबद्दल एक ओळ आणि बैलांबद्दल दीड पान, हे प्रमाण उलटे असायला हवे होते.

मागच्या दिवाळीत आपले ठरले ते पुन्हा लिहिते, कारण तू सोयीचे तेवढेच लक्षात ठेवतोस. तळ्याकाठच्या वावरात दोन वर्षे कपाशी पाण्याने सडली. यंदाही ते वावर हातचे गेले, तर सगळी शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर, द्यायची आणि तू व देवकाने वर्ध्याला माझ्याकडे येऊन राहायचे. तू पन्नाशी ओलांडलीस, मुली आपापल्या घरी सुखी आहेत, आणि चिखलातून पाय काढताना तुझ्या तोंडून काय निघते ते देवकाने मला सांगितले आहे. दोन खोल्यांत तीन माणसे अवघडत नाहीत. मी निवारीची एक नवी बाज विणूनही घेतली. सध्या भिंतीशी उभी करून ठेवली आहे.

त्या वावरात तुला कपाशीऐवजी सोयाबीन पेरायचे आहे, तर पेर. मी जन्मभर शाळेत मुलामुलींना परीक्षेला बसवले, भावाला कशी अडवीन? शेतकी खात्यातल्या गृहस्थांना गाठून विचारले. बी खोल पेरायचे नाही. बियाण्याची पोती आपटायची नाहीत, बी आतून फुटते. गुळाच्या पाण्यात कालवून जिवाणू खत चोळायचे, त्याची पाकिटे एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे. साचलेले पाणी त्यालाही सोसत नाही, तेव्हा मधून चर काढ. धुऱ्याने, बांधाच्या कडेला, मक्याच्या दोन ओळी टाक. त्या माझ्यासाठी.

गुडघ्याला तेल लाव. माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी बहीण
भागीरथा

*

अल्लीपूर,
२ जुलै १९८६

ती. स्व. बाईस रूपरावचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व ठीक.

पेरणी झाली. तुझ्या सांगण्याप्रमाणे पोती लेकरासारखी उचलली. देवका बियाण्याला गूळपाणी चोळताना म्हणत होती की लग्नात नवऱ्याचं तोंड गोड करतात, बियाण्याचं करताना पहिल्यांदाच पाहून राह्यली. मुंग्यांना मात्र लगेच आवतण पोचलं. सावलीत वाळवेपर्यंत दोघं राखण बसलो.

शेजारचा बंडूजी धुऱ्यावर उभा राहून सगळं पाहत होता. त्याचं म्हणणं असं की कापूस अंगाले होते, जवारी तोंडाले होते, हे तुहं पीक ना अंगाले ना तोंडाले. मी म्हटलं, बाईला विचार. तुझं नाव काढल्याबरोबर तो आपल्या वावरात गेला. चौथीत तू त्याला बाकावर उभं केलं होतं म्हणे, अजून विसरला नाही.

मका टाकला आहे. वरच्या वावरात कपाशी नेहमीसारखीच. पाऊस पेरणीपुरता आला आणि आता दडी मारून बसला. आभाळ रोज भरतं अन् सायंकाळी रिकामं होतं. बाजेची गोष्ट वाचली. एवढ्यात तिची सवय करू नको.

तुझा आशीर्वाद पाठीशी आहे, तो काढून घेऊ नको.

तुझा
रूपराव

*

अल्लीपूर,
१८ ऑगस्ट १९८६

ती. स्व. बाईस साष्टांग नमस्कार.

पाऊस नाही म्हणून रडलो ते त्याने ऐकलं. झड लागली आहे. आठवडा झाला, सूर्य पाहिला नाही. चूल धड पेटत नाही, कपडे वाळत नाहीत, देवकाने माझं धोतर चुलीवर धरून थोडं जाळलं.

तळं भरून वावराच्या तोंडाशी आलं होतं. गेल्या दोन वर्षी कपाशी याच पाण्यात पिवळी पडली. या वेळी चर होते. फावडं घेऊन गेलो, चरांची तोंडं मोकळी केली, आणि पाणी नाल्यात उतरताना पाहत बसलो. गुडघा बोलला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बाई, सोयाबीन उभं आहे. जांभळी बारीक फुलं आली आहेत. दुरून दिसत नाहीत, वाकून पाहावी लागतात.

दोघांचा जीव तिथंच अडकला आहे. देवका रोज पहाटे विहिरीवर जाताना वाट वाकडी करून ते वावर पाहून येते. तिला वर्ध्याची भीती नाही, फक्त तुझ्या नळाला पाणी कधी येते ते ती दर वेळी विचारते.

बोलणी खायला तयार असलेला
रूपराव

*

वर्धा,
१० सप्टेंबर १९८६

चि. रूपराव यास आशीर्वाद.

मक्याची कणसे मिळाली. कंडक्टरने दोन खाल्ली असावीत, तो माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलत नव्हता. शेजारच्या मुलांना बोलावून शेगडीवर भाजली. एकटीने खायला भुट्टा बरा लागत नाही.

गुडघा दुखत असताना चरात उतरलास. तुला कोणता शब्द वापरावा ते शोधते आहे, सापडला की कळवीन. काम मात्र बरोबर केलेस.

आता मुख्य गोष्ट. शेंगा भरल्या की पाने पिवळी होऊन गळतील. तुला वाटेल रोग पडला. रोग नाही, ते पिकणे आहे. पाने गळून शेंगा तपकिरी झाल्या की लगेच विळा लावून सोंगायचे. तुरीसारखे उभे ठेवलेस तर उन्हात शेंगा तडकतील आणि दाणे मातीत जातील. हे दोनदा वाच.

पोळ्याला बैलांना माझ्या वाटची पुरणपोळी घातलीस ना?

तुमची आठवण काढीत असलेली
भागीरथा

*

अल्लीपूर,
३ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. बाईस साष्टांग नमस्कार.

दोनदा काय, चारदा वाचलं. पानं गळली. वावर असं दिसतं की जणू कोणी काड्या रोवून ठेवल्या, पण प्रत्येक काडीला शेंगांचे घोस आहेत. ऑक्टोबरचं ऊन तापून राह्यलं. दुपारी वावरात उभं राहिलं की टिक टिक आवाज येतो, एखादी शेंग उलते अन् दाणा उडतो.

आणि विळा लागत नाही. देवका अडून बसली आहे. तिचं म्हणणं, सीतादही झाल्याशिवाय आपल्या वावरात पयला हात लागत नाही, आजवर लागला नाही. सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा, मगच पीक ओटीत घ्यायचं. मी म्हटलं, ते कापसाच्या वेच्याचं आहे. ती म्हणते, वावर त कापसाचंच आहे, वावराले काय मालूम आवंदा काय पेरलं. मजुरीच्या बायाही तिच्याच बाजूच्या. आणि सीतादही आपल्याकडे दिवाळीतच होते. दिवाळी महिनाभर लांब आहे.

तोवर शेंगा थांबणार नाहीत. झडीतून वाचवलं, आता उन्हात घालवून वर्ध्याला यावं लागतं की काय? तूच लिही तिला.

तुझा
रूपराव

*

वर्धा,
४ ऑक्टोबर १९८६

सौ. देवका हिस आशीर्वाद.

पितृपंधरवडा संपला, आज घट बसले. आता कसली अडचण? तू समजूतदार बाई, पण पोथीतल्या बायकांसारखी अडून बसलीस. सीतादही दिवाळीतच, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे ते मला दाखव. शेंगा पंचांग वाचत नाहीत. चार दिवसांत विळा लागला नाही, तर तुझ्या नवऱ्याची वर्षभराची मेहनत पाखरे खातील, आणि तुला माझ्या नळाखाली रांगेत हंडा लावावा लागेल.

परतीच्या बसने उत्तर पाठव. कारण असेल तर कारण लिही, रूढी लिहू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच
भागीरथा

*

अल्लीपूर,
६ ऑक्टोबर १९८६

बाईले देवकाचा पाया पडून नमस्कार.

तुमीनं शिकवलेल्या अक्षरानं लिवून राह्यली. चुका मंग काढजा.

शास्तरात काई नाई बाई. मी या घरात नवी आलती तवा मी बी सासूबाईले हेच इचारलं. बोंडं फुटून लोंबून राह्यली, आजूबाजूच्या वावरात वेचा सुरू झाला, मंग आपुन काऊन थांबतो. सासूबाई म्हणे, माह्या भागीची शाळा दिवाईले सुटते. घरच्या लेकीनं दहीभात शिंपल्याशिवाय माह्या वावरातला कापूस कोनी ओटीत घेनार नाई. तुमी नागपूरले कालेजात गेल्या तवापासून हे सुरू झालं. त्याच्या आंधी पयलं बोंड फुटलं का सीतादही होये. कापूस थांबते, म्हणून आजवर निभलं. सासूबाई गेल्या, तरी मी तसंच चालवलं. तुमची शाळा सुटली बाई, आमची तारीख काई सुटली नाई.

तुमच्या भावाले हे काईच मालूम नाई. मानसाईले वाटते सन पंचांगातूनच येते.

सोयाबीन थांबत नाई हे मले बी दिसते, मी काई आंधयी नाई. पर काल बाया विळे घेऊन धुऱ्यावर बसल्या अन् मले इचारे, लेक कवा येते. मी काय सांगू? विळा अडवला तो तुमच्यासाठी. तुमी या. उद्या या नाई त परवा या. दही लावून ठेवलं हाय, जास्त दिस राह्यलं त आंबट होईन.

तुमचा जीव हाय माह्यावर, थो तसाच राहू द्या.

देवका

*

वर्धा,
७ ऑक्टोबर १९८६

सौ. देवका हिस आशीर्वाद.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. मजकुरात एकही नाही. ही चिठ्ठी संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. मी उद्या सकाळच्या पहिल्या बसने निघते. बायांना सांग, विळ्यांना धार लावून ठेवा.

भागीरथा

*

अल्लीपूर,
२१ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. बाईस साष्टांग नमस्कार.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मळणी उरकली आणि चौथ्या दिवशी आभाळ कोसळलं. बैलांच्या पाती सोडायला अन् पाऊस यायला एकच गाठ. आणखी थोडं थांबलो असतो तर गंजीतच कोंब फुटले असते. आता दाणे समोरच्या खोलीत पोत्यांत आहेत, आढ्यापर्यंत जागा उरली नाही. आम्ही दोघं ओसरीत निजतो, देवकाला त्याची तक्रार नाही. वरच्या वावरातली कपाशी थोडी भिजली, पण बोंडं अजून बंद आहेत. तिचं सीतादही तुझ्याच हातचं राहील.

तू पहिला विळा लावलास तेव्हा बंडूजी धुऱ्यावर होता. त्याला वाटलं, सोयाबीन एवढं पिकलं ते दहीभातानं. पुढच्या वर्षी मास्तरीणबाई माह्या वावरात येतीन काय, असं विचारून राह्यला. मी सांगितलं, येईल, पण आधी पाढे म्हणून घेईल.

अट तुला आठवत असेल. मी विचारत नाही, नुसती आठवण करून देतो.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
रूपराव

*

वर्धा,
२४ ऑक्टोबर १९८६

चि. रूपराव व सौ. देवका यांस अनेक आशीर्वाद.

अटीत तू जिंकलास. लेखी देते आहे, जपून ठेव. बंडूजीला सांग, येईन, पण सतराचा पाढा पाठ हवा.

ओटीत घेतलेल्या शेंगा माझ्या पदराच्या गाठीत राहून गेल्या. इथे आल्यावर सोडल्या, तर बोटांना टोचल्या. कापूस कधी टोचला नव्हता. आईने इतकी वर्षे फुटलेली बोंडे वाऱ्यावर ठेवून माझ्या सुटीची वाट पाहिली आणि मला एकदाही कळू दिले नाही. तिलाही मी उत्तर लिहायला हवे होते. ते आता तुमच्याच पत्त्यावर पाठवते.

ती नवी बाज इथे भिंतीशी उभी राहून उपयोगाची नाही. येत्या शुक्रवारी एसटीच्या टपावर चढवून पाठवते आहे. मागच्या खोलीत, वावर दिसते त्या खिडकीशी घाला. दिवाळीला येते ती काही दिवसांसाठी, पण पुढच्या वर्षापासून पेरणीला येईन आणि शेवटचा वेचा झाल्यावरच वर्ध्याचे कुलूप काढीन. मग कुठल्याच पिकाला माझ्यासाठी थांबायला नको. नळाला पाणी सकाळी सहाला येते, हे देवकाला कळवून ठेव. आता तिला त्याची गरज नाही, मलाही फारशी नाही.

मक्याच्या ओळी पुढच्या वर्षी चार टाक. खाणारी माणसे वाढली.

लोभ तुमच्याकडे पुरेसा आहे, मला तो जवळून मिळावा.

तुमची
भागीरथा