लाल लोकरीच्या शेंगा

१२ नोव्हेंबर

प्रिय छकुली,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. तुम्ही दोघंही बरी असाल. गाय व्यायली, कालवड झाली. मागच्या दाराची कडी बसवून घेतली.

जेवणाचं विचारलंस. जेवतो. भात करतो, मीठ घालून खातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी झालंय. रोज काय खाता?" सांगितलं. "आणि आधी काय खायचात?" त्याचं काय सांगणार? तुझ्या आईने ताटात कधी दोन दिवस लागोपाठ एकच जिन्नस वाढला नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

शेजारचे ट्रॅक्टरवाले येऊन बसतात. परवा म्हणाले, "काका, एवढ्याशा तुकड्यात मका, चवळी, मूग, घेवडा... काकूंना काय बाजार भरवायचा होता? येत्या हंगामात नुसता मका घ्या. मी पेरून देतो, तुम्ही मोकळे." मी हो म्हणालो. आई असती तर तिने ऐकवलं असतं, "आणि मक्यावर कीड पडली की तुमच्याकडे जेवायला येऊ का?"

आईच्या बियाण्याचं तू दोनदा विचारलंस. ते मी टाळत होतो.

तुला आठवत असेल, उभ्या पिकात चांगली शेंग दिसली की आई तिच्या देठाला लाल लोकर बांधायची. तुझ्या लहानपणच्या स्वेटरची. म्हणजे ही खायची नाही, बियाण्याची. यंदाही बांधली होती, जायच्या थोडं आधी. शेंगा वाळल्या. मी बांधावर जाऊन उभा राहायचो. शेंग काढायची म्हणजे लोकर सोडायला हवी. गाठ तिच्या हातची. तसाच परत यायचो. चवळी तडकली, मूग तडकला. दाणे मातीत पडले, पाखरांनी वेचले. लोकर तेवढी देठांवर आहे.

कुंपणावरचा काळा घेवडा उशिराचा, तो राहिला होता. आज कात्री घेऊन गेलो आणि देठासकट कापला. सोबत पाठवतो आहे. गाठी तू सोड, माझ्याने होत नाही. निम्मे दाणे तू पेर, निम्मे मला परत पाठव. कुंपणाकडची पट्टी नांगरू नका, असं ट्रॅक्टरवाल्यांना सांगून आलो.

लोकर टाकू नकोस, पुढच्या शेंगांना लागेल. आणि येशील तेव्हा ती गाठ कशी मारायची ते दाखव. इतकी वर्षं शेजारी उभा होतो, पण नीट कधी पाहिलंच नाही.

तुझी वाट पाहणारा,
बाबा