पिना मारलेली पानं

प्रिय लेका,

तुला पोटभर आशीर्वाद, आणि त्यातला एक खास तुझ्या विसरभोळ्या डोक्याला. मागच्या पाकिटावर तू ठळक अक्षरांत लिहिलं होतंस म्हणे, 'खासगी. फक्त आईने वाचावे.' अरे शहाण्या, चाळिशी उलटली तुझी आणि आपली आई अक्षरशत्रू आहे एवढं विसरलास? मी ते पाकीट उशीखाली ठेवलं, उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरलं, वाससुद्धा घेतला. जहाजाच्या तेलाचा वास तेवढा वाचता आला. शेवटी दिलं तुझ्या बायकोच्याच हातात. तिने वरची ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी अशा हसलो की पोरी आतून धावत आल्या. मग तिने पाकीट फोडलं आणि हसणं थांबलं. आत तू विचारलं होतंस, 'ती फोनवर सगळं छान चाललंय म्हणते. पोरींचं घरचं शिकणं खरंच कसं चाललंय, ते तू सांग.' ते तिला स्वतःच्या तोंडाने मला वाचून दाखवावं लागलं. एक शब्द गाळला नाही हो. आवाज जरा कोरडा झाला, एवढंच.

हे उत्तरही तीच लिहितेय. दुसरं कोण लिहिणार? तुझा फोन लागतो तो उचकीसारखा, आणि आपल्या तीन खोल्यांत मी कुजबुजले तरी चौथ्याला कळतं. सूनबाईचा एक गुण तुला माहीत असेल-नसेल, म्हणून सांगते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती जी इतकी वर्षं होती, तिथली सवय हाताला लागली आहे तिच्या. जे आहे ते लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही, नको असलेलं काढायचं नाही. एरवी मी काही बोलायला लागले की तिला नेमका कुकर आठवतो. पण हातात पेन असलं की बाई जागची हलत नाही. मी सांगते, ती लिहिते. आत्ताही लिहितेय, भुवया वर गेल्यात, पण लिहितेय. तर जहाजावर नीट बसून वाच.

आपलं जेवायचं टेबल आता जेवायचं राहिलेलं नाही. आम्ही ताटं मांडीवर घेतो. टेबलावर अभ्यास मांडलाय. लाकडी मणी, वजनकाटा, लोहचुंबक, मातीचे गोळे, आणि भिंतीवर एक हाडांचा माणूस, जो मी चहा पीत असले की माझ्याकडे बघून दात काढतो. पुढच्या वर्षासाठी कुठला अभ्यासक्रम घ्यायचा म्हणून तीन कंपन्यांचे नमुन्याचे खोके आलेत. पसंत नाही ते शुक्रवारपर्यंत परत करायचं. एकात नुसत्या वह्याच वह्या. वह्या बघूनच थोरली जांभई देते. दुसरा सगळा पडद्यावरचा. बसल्या जागी समुद्र दिसतो, बाजार दिसतो, उठायला लागत नाही. तिसऱ्यात पुस्तकं थोडी आणि कामं फार. दुकानात जाऊन वजन करून आणा, पोस्टमनला विचारा पत्र कुठून कुठे जातं, जिन्याच्या पायऱ्या मोजा, शेजारच्यांच्या घरात काय वेगळं आहे ते पाहून या.

माझ्यासारखीला यातलं काय कळणार, म्हणशील. मला चित्रं कळतात. आणि सूनबाई प्रत्येक पुस्तक लॅबमधल्या थेंबासारखं तपासते, ते मी समोर बसून बघत असते. ती पान उलटते, थांबते, स्टेपलर उचलते, आणि खट् खट्. पान पानाला शिवलं. तिला वाटतं म्हातारी डुलक्या काढतेय. म्हातारी दुपारी पुस्तक हातात घेऊन फटीतून बघते. आग होती त्या पानाला पिना. विहीर होती त्याला पिना. अनोळखी बाई मुलीला फुगा देतेय, त्याला चार पिना. इथवर मी काही म्हणाले नसते. पण मग बसस्टॉपला पिना, बागेला पिना, आणि एक चित्र होतं त्यात उघडं दार आणि दारातून पुढे जाणारी गल्ली, बाकी काही नाही, कुत्रंसुद्धा नाही. त्यालाही पिना. तिसऱ्या खोक्यातली पुस्तकं आता उघडत नाहीत, ठोकळ्यासारखी झालीत.

तिला बोल लावू नकोस. मीही तिच्यासारखीच घाबरले होते, किंबहुना जास्तच. शाळेच्या व्हॅनवाल्याने सगळी पोरं उतरवली आणि आपला भुंगा, धाकटी, मागच्या सीटवर झोपलेला राहिला, काचा बंद, वर ऊन. ती जागी झाली आणि तिच्या सवयीने गुणगुणायला लागली, मग रडायला. पलीकडे सायकल लावणाऱ्या एका माणसाने आवाज ऐकला आणि काच फोडली. त्या दिवशी सूनबाईने दोघींना घरी आणून दाराला कडी घातली, तेव्हा वरची कडी घाल असं सांगणारी मीच. तू समुद्रावर होतास. तुला आम्ही सगळं झाल्यावर सांगितलं, तेही पाणी घालून. नोकरी तिने दुसऱ्याच दिवशी सोडली. घरी शिकवीन म्हणाली, आणि शिकवते, खोटं का बोलू. आपली थोरली सात वर्षांची आहे आणि माझ्या गुडघ्यातल्या वाटीला काय म्हणतात ते सांगते. मी तिला मास्तरीणबाई म्हणते. भुंगाही अक्षरं लावते. शाळा सोडल्याचं मला दुःख नाही. मी कुठे गेले होते शाळेत?

मला भीती वाटते ती शांततेची. आपल्याकडे एक खेळ आहे, तुला माहीत नसेल. दारावरची घंटी वाजली की पोरींनी टेबलाखाली जायचं आणि गप्प बसायचं, ज्याचा आवाज झाला तो हरला. सामान आणणारा खोका बाहेर ठेवून जातो, जिन्यात त्याची पावलं विरतात, मग सूनबाई दार उघडते. पहिल्या पहिल्यांदा खुसुखुसु हसू यायचं टेबलाखालून. आता येत नाही. परवा सूनबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि मी मागच्या खोलीत होते, घंटी कधी वाजली ते मला कळलं नाही. बाहेर आले तर पोरी नाहीत. स्वयंपाकघर, पलंगाखाली, बाथरूम, सगळं पाहिलं, हाका मारल्या. शेवटी टेबलाचं कापड उचललं तर दोघी बसलेल्या, मांडीला मांडी लावून, मला बघतायत. भुंग्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. मी हाका मारत होते लेका, आणि हरायचं नाही म्हणून त्या ओ देत नव्हत्या. ज्या पोरीचा जीव तिच्या आवाजाने वाचला, ती आता गुणगुणत नाही. तुझ्या लक्षात आलंय का फोनवर? नसेल आलं. खरखरीत काय ऐकू येणार.

इथे पेन थांबलं होतं. मी म्हटलं, लिही. लिहिलं.

आता पुढचं सांगते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाई, तूही लिहीत जा, वर बघू नकोस.

पंधरवड्यापूर्वी कंबर धरली म्हणून मी पडून होते ना, ती कंबर धरली नव्हती. सूनबाई आधीचं एक खोकं परत करायला कुरिअरच्या ऑफिसात गेली होती, बाहेरून कुलूप लावत नाही ती, आतून पोरी कडी घालतात. मी बाथरूममध्ये घसरले. पाय अंगाखाली गेला आणि डोळ्यांपुढे काळोख आला. थोरली धावत आली. काय पोर आहे तुझी, सांगते. घाबरली नाही. हाडांच्या माणसाकडे बघून आली आणि म्हणाली, आजी हलू नकोस, मांडीचं हाड सगळ्यात लांब असतं. उशी आणली, पांघरूण आणलं, पाणी घोट घोट दिलं. जे जे शिकवलंय ते सगळं तिने बिनचूक केलं. मी म्हटलं, आता बाळा, समोरच्या नर्सबाईंचं दार वाजव. समोरचं दार म्हणजे किती लांब, आपल्या पायपुसण्यापासून त्यांचं पायपुसणं, मधे झाडू ठेवायची जागा.

ती गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. वरची कडी निघाली. मग काहीच नाही. मी त्या ओल्या फरशीवर पडून कान लावून होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाट बघितली आहे, तुझ्या बापाची, तुझ्या जहाजाची, पण तशी नाही. मग कडी परत लागली. ती आली, माझ्याजवळ बसली, आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, बाहेरचा धडा अजून झाला नाही आमचा."

रडली नाही. धडा झाला नसला की जसं सांगतात तसं सांगितलं. हात बर्फासारखे झाले होते आणि दातावर दात वाजत होते. भुंगा कडीच्या आवाजाने टेबलाखाली जाऊन बसली होती, तिला बोलवून घ्यायला आम्हाला बराच वेळ लागला. मी नंतर भिंतीला धरून कशीबशी उठले. हाड मोडलं नव्हतं, नशीब. काळंनिळं होतं ते पातळाखाली झाकलं गेलं. थोरली म्हणाली, आईला सांगू नकोस, तिला वाटेल मला काहीच येत नाही. मी कबूल केलं. सूनबाईने माझी कंबर शेकली, आणि मी गप्प राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी नव्हे, पण लपवलं. आज सकाळी थोरलीची रीतसर परवानगी काढली. म्हणाली, सांग, पण मी दाराआड उभी राहीन. तिथे उभी आहे ती आत्ता. पायाचे अंगठे दिसतायत.

तेव्हापासून मला झोप नाही. मी म्हातारी आहे, आज पडले, उद्या पुन्हा पडेन, त्याचं काय एवढं. पण त्या जागी सूनबाईला बघते मी. ती उन्हातून आली की भिंतीला हात टेकते, डोळे मिटून उभी राहते, मला दिसत नाही असं तिला वाटतं. एखाद्या दुपारी मी अंथरुणाला खिळलेली आणि ती स्वयंपाकघरात पडली, तर पोरी उशी आणतील, पांघरूण आणतील, पाणी देतील. मग वरची कडी काढतील आणि परत लावतील. कुणी घंटी वाजवलीच तर टेबलाखाली जातील आणि आवाज करणार नाहीत. हा खेळ त्या फार चांगला खेळतात. आत चार माणसं आहेत हे जिन्यात कुणाला कळणार नाही.

तर तू विचारलंस कसं चाललंय, त्याचं हे उत्तर. पण खरं सांगू का लेका, हे पत्र मी तुझ्यासाठी सांगितलं नाही. तुझ्या हातात पडेपर्यंत तू कुठल्या बंदरात असशील देव जाणे, आणि शुक्रवार त्याच्या आधी उजाडेल. ज्या बाईला मी तोंडावर हे सांगू शकत नव्हते, तिला निदान लिहिता लिहिता तरी ऐकावं लागेल, म्हणून हा उद्योग. सूनबाई, मी तुला शाळेत घाल म्हणत नाही. तुझी भीती खोटी आहे असं तर मुळीच म्हणत नाही, ती माझ्याही छातीवर बसलेली आहे. तिसरं खोकं परत करू नकोस, एवढंच. पिना काढायला मी मदत करीन. त्याला वाचता यावं लागत नाही, नखं लागतात.

मघाशी ती उठून आत गेली होती. मला वाटलं, गेलं पत्र. दाराआडचे अंगठेही गेले. बराच वेळ दोघींचा काही आवाज नव्हता, आणि तुला ठाऊक आहे त्या शांततेची मी किती धास्ती घेतली आहे. मग आली, डोळे पुसलेले, मागे पदर धरून थोरली. पेन उचललं आणि मला विचारलं, "पुढे काय लिहू?"

तेव्हा पुढचं एवढंच, की आम्ही सगळ्या घाबरलेल्या आहोत. तूही तिथे थोडा घाबर. आणि सहीच्या जागी सूनबाई माझा अंगठा घेईल, तो तरी ओळख.

तुझीच,
आई

ता. क. या वेळी बिस्किटांचे डबे पाठवू नकोस, ती कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतात आणि आणायला आम्हाला जायचंय. बेदाणे पाठव, चांगले टपोरे, आणि घरच्यापुरते नकोत. समोर नर्सबाईंना वाटीभर द्यायचे आहेत. वाटी पोरी घेऊन जातील, दार मी धरून उभी राहीन. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. म्हणून म्हणते, भरपूर पाठव.