पहिला मासा सोडायचा

अण्णा, तुमच्या एका सवयीपायी मला इथल्या मासेमारीच्या क्लबातून काढून टाकायची वेळ आली होती. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असतात आणि मग टॉवेल खांद्यावर टाकून 'हं, पहिल्यापासून सांग' म्हणाला असतात. तर पहिल्यापासून सांगते. मी हॅनोव्हरला असते, जर्मनीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाच्या विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्याला आता बावीस वर्षं झाली. मला एक लेक आहे, दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती जर्मनमधून. आणि या वर्षीपासून मी गळ टाकायला लागले आहे. हो, मीच. गांडुळांचा डबा उघडला की पळत जाऊन स्कूटरवर बसायची, तीच मी.

इथे आपल्यासारखं नाही हो, की वाटलं, उठलो, धरणावर गेलो. इथे आधी क्लास करावा लागतो, मग परीक्षा. माशांची चित्रं ओळखा, कुठल्या माशाला कुठला दोरा ते सांगा, रॉड जोडून दाखवा. माझ्या शेजारी एक चौदा वर्षांची मुलगी आणि एक निवृत्त पोस्टमन बसले होते, आणि मी आपली इंजिनिअर बाई, घाम फुटलेली. त्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो. खाण्याजोगा मासा गळाला लागला तर काय करायचं? उत्तर असं, की डोक्यावर एक नेमका टोला देऊन त्याला बेशुद्ध करायचं, लगेच सुरीने मारायचं आणि घरी नेऊन खायचं. अगदी लहान असेल किंवा त्याचा मोसम बंद असेल तर सोडायचा, नाहीतर नाही. नुसती गंमत म्हणून धरायचा आणि परत पाण्यात टाकायचा, म्हणजे मुक्या जिवाला विनाकारण छळणं झालं, असं इथला कायदा मानतो. मी ते उत्तर अगदी बरोबर लिहिलं. पूर्ण मार्क पडले. लिहिताना एकदाही तुमची आठवण आली नाही, याचं आता मला नवल वाटतं.

पास झाल्यावर सामान घ्यायला गेले. दुकानदार तरुण, दाढीवाला, बोलायची भारी हौस. म्हणाला, तुम्हाला एक नवीन तंत्र दाखवतो, अमेरिकेतून आलंय. तिकडे बास नावाचा मासा आहे, त्याला फार वेळा धरून सोडलं की तो शहाणा होतो, मोठ्या आमिषाला भुलत नाही. मग त्याच्यासाठी सगळं बारीक करायचं. दोरा बारीक, गळ बारीक, आमिष करंगळीएवढं, रबराचं. आमच्याकडे बास नाही, पण त्याचा लांबचा भाऊबंद बार्श आहे, त्यालाही हे चालतं. असं म्हणून त्याने काउंटरवर दोरा पसरला. सगळ्यात खाली शिसं. त्याच्या वर वीतभर अंतर सोडून गळ, दोऱ्याला काटकोनात उभा. शिसं तळाला टेकवायचं, दोरा किंचित सैल ठेवायचा आणि रॉडचं टोक नुसतं थरथरवायचं. शिसं जागचं हलता कामा नये, फक्त आमिष जागच्या जागी थरथरलं पाहिजे. अण्णा, मी त्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून बघत राहिले. अमेरिका कसली आलीय! हे तर आपलं पवना धरणाचं पाणी होतं.

कारण तुम्ही हेच करत होता. रॉड नाही, रील नाही, पतंगाच्या फिरकीसारखी लाकडी फिरकी आणि तिच्यावर गुंडाळलेला दोरा. खाली शिसं, वर वीतभर अंतरावर गळ. रविवारची सकाळ आहे, तुम्ही धरणाच्या फुगवट्याच्या काठाला दगडावर बसला आहात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दोरा उजव्या तर्जनीवरून गेला आहे आणि ते बोट अगदी बारीक हलतं आहे. आठवडाभर कारखान्याच्या टूलरूममध्ये कानस मारून त्या बोटाला घट्टे पडलेत, तरी तुम्हाला दोऱ्यातलं सगळं कळतं. 'हा दगड,' तुम्ही म्हणता. 'हे गवत. हा आला, वास घेतोय. थांब. अजून थांब.' मी थांबत नाही. माझ्या हातात दोरा दिला की टक् झालं रे झालं मी झटका देते, आणि वर येतो तो मोकळा गळ. 'अगं बाई माझे,' तुम्ही कपाळाला हात लावता, 'त्याला तोंड तर उघडू दे! घाईत नुसता गळ वर येतो.' एवढंच तुमचं रागावणं. मला तेही लागायचं, मी दुपारपर्यंत फुगून बसायचे.

तुम्हाला त्या शिशांचा केवढा अभिमान! जेवणाच्या सुट्टीत लेथवर साचा करून घेतलात आणि घरी स्टोव्हवर पळीत शिसं वितळवून ओतलंत. मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यातली सात शिसं रुमालात बांधून माझ्या हातात ठेवलीत. लोक पेन देतात, घड्याळ देतात. तुम्ही म्हणालात, 'काट्यावर घालून बघ, सगळी एकसारखी आहेत.' बघितली मी, अण्णा. इथल्या कंपनीच्या काट्यावर, ज्याला श्वाससुद्धा कळतो. किती फरक निघाला ते तुम्हाला सांगणार नाही.

आणि आईची अट. शाकाहारी माहेरातून आलेली बाई, तिने तुम्हाला कधी अडवलं नाही. मागच्या गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळी कढई, तुमचं तुम्ही रांधायचं आणि तुमचं तुम्ही घासायचं. एवढंच, आणि वर एक: 'पहिला जो येईल तो परत सोडायचा. पहिला जीव पाण्याचा.' तुम्ही ते पाळलंत. पहिला मासा ओंजळीत धरून पाण्यात बुडवायचात, तो शेपूट हलवून जाईपर्यंत वाकून थांबायचात. घरी आल्यावर आई दारातच विचारायची, 'पहिला सोडलात ना?' तुम्ही म्हणायचात, 'सोडला.' फक्त एकदा, मी लेकीएवढी असताना, दिवसाचा पहिला मासा म्हणून मरळ आली. माझ्या हाताएवढी लांब. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, पुन्हा तिच्याकडे. आणि पिशवीत टाकलीत. 'आईला बोलायचं नाही हं,' म्हणालात. त्या दिवशी दुसरं काही लागलंच नाही. दारात आईने विचारलं, तुम्ही 'सोडला' म्हणालात, आणि मी मान डोलावली. काय सुंदर झाली होती ती मरळ! पुढच्या रविवारी फिरकी माळ्यावर गेली ती दिवाळीनंतरच खाली आली. आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, 'मला कळलंय.'

त्यानंतर तुम्ही उभ्या जन्मात आईशी खोटं बोलला नाहीत. पाहुणे आले की तुमची गोष्ट ठरलेली: 'हिच्याशी खोटं बोलून बघा! नुसतं डोळ्यांत बघितलं आणि ओळखलं हिने. मासा पोटात गेलेला, काटे पुरलेले, पुरावा शून्य!' लोक हसायचे. आई चहा गाळत असायची, वर बघायची नाही.

आता माझ्याकडे या. गावाबाहेर वाळू उपसलेल्या खाणीचा तलाव आहे, तो या क्लबाचा. क्लबात शिरायला तीन वर्षं थांबावं लागलं, आणि मिळालं ते प्रोबेयार, म्हणजे वर्षभर तुमच्यावर लक्ष ठेवणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. मला तिथे राहायचंच होतं. अगदी खरं सांगू? मला तिथे तुम्ही भेटता. ऑफिसात नाही, देवासमोर नाही, तुमच्या फोटोसमोर तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी मी खालती तुमचं शिसं बांधलं. पाणी थंड, काठाला बदकं. दोरा मी रीलवरून ओढून तर्जनीवर घेतला, तसं इथे कुणी करत नाही. हा दगड. हे गवत. मग ते टक्. मी थांबले. अण्णा, मी थांबले! पुन्हा टक्, मग दोरा जड झाला, आणि मी नुसतं मनगट उचललं. बार्श. हिरवा, अंगावर काळे पट्टे, कुंकवासारखे पर, चांगला भरलेला. आणि माझे हात आपोआप खाली गेले. ओंजळ पाण्यात बुडवली, तो शेपूट हलवेपर्यंत वाकून थांबले. गेला. मला रडू आलं, आणि मागून कुणीतरी खाकरलं.

क्लबाचा देखरेख करणारा म्हातारा होता. हिरवं जाकीट, हातात वही. 'आल्झो,' म्हणजे 'तर मग,' म्हणाला आणि थांबला. माझा चेहरा बघून असेल, पण आवाज मऊ होता. 'छान मासा होता. हातातून निसटला, असं लिहू का?' बघा, माणसाने दार उघडून दिलं होतं. नुसती मान डोलवायची होती, आणि मान डोलवायची मला सवय होती. पण तुमच्यासारखा ओंजळीतून सोडलेल्याला 'निसटला' कसं म्हणू? मी म्हटलं, 'नाही, मी सोडला. माझे वडील पहिला मासा सोडायचे.' त्याने वही उघडली आणि मी जे सांगितलं ते लिहिलं.

समिती म्हणजे तीन माणसं, कॉफी, घरी केलेला केक आणि मधोमध माझा कागद. एका बाईने विचारलं, दुसरा मासा तुमचे वडील खायचे? खायचे. मग पहिल्यात काय वेगळं होतं? 'तो माझ्या आईचा होता,' मी म्हटलं, 'तिला माशाची दया यायची.' ती बाई म्हणाली, 'आम्हालाही येते. म्हणून तर सोडू देत नाही.' तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. शेवटी ठरलं, माझं वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि असं परत झालं तर नाव काढून टाकायचं. बाहेर पडताना म्हातारा म्हणाला, 'पुढचा पहिला मासा घरी न्या. वडिलांना तो आवडलाच असता.' त्याला काय माहीत, किती आवडला असता ते!

म्हणून गेल्या शनिवारी पहिला बार्श आला तो मी घरी आणला. टोला मीच दिला, नेमका पडला, सुरीही मीच चालवली. हळद, तिखट, मीठ, तांदळाचं पीठ, तुमच्यासारखंच. लेकीने तीन तुकडे खाल्ले आणि काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिला आता कमी ऐकू येतं, फोन कानाला लावून बोलते, मला नुसता तिचा कान दिसतो. मासे धरलेस म्हणालीस ना, असं विचारलं, आणि लगेच, जशी दारातच उभी आहे, 'पहिला सोडलास ना गं?'

'सोडला,' मी म्हटलं.

'श्टिम्ट निष्ट, आजी!' लेक ताटावरून ओरडली. खरं नाही ते, आजी! 'काय म्हणतेय ती?' आईने विचारलं. मी म्हटलं, 'काही नाही, जेवायला बोलावतेय.' आई 'बरं' म्हणाली. नुसतं 'बरं'. फोन ठेवल्यावर लेक माझ्याकडे बघत राहिली. मग जर्मनमधून म्हणाली, 'तू आजीशी खोटं का बोललीस?' आणि खरं सांगितलं असतं तर आजी रागावली असती का, हेही विचारलं. त्याचं उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं. म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले, आणि पत्ता नाही म्हणून तुमच्या रुमालात, शिशांच्या खाली ठेवणार आहे.

तुम्ही ती गोष्ट सांगायचात ना, हिने डोळ्यांत बघून ओळखलं म्हणून, तेव्हा आई चहा गाळताना वर का बघत नव्हती ते सांगते. वर बघितलं असतं तर तिने माझ्याकडे बघितलं असतं. तिने डोळ्यांत बघून काही ओळखलं नव्हतं हो अण्णा. त्या मरळीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेत जायच्या आधी माझी वेणी घालताना तिने मला पुन्हा विचारलं, आणि मी सांगून टाकलं. ती म्हणाली, 'बरं. तू सांगितलंस हे त्यांना कळायला नको.' आणि तिने ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही.