डॉनची मीरा

७ जानेवारी २००४
आज पुन्हा ‘मीरा’! अकरा वेळा — मोजलं मी. “मीरा, हा रिपोर्ट चुकलाय. मीरा, मीरा, इथे!” दोन वर्षं या माणसाच्या बँकेत कॉम्प्युटरसमोर मान मोडतेय, आणि माझं नाव सुमेधा आहे हे त्याला माहीत नाही!
डॉन एवारिस्तो — ‘डॉन’ म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’. स्पेनमधला बडा वकील, मग बँकर, मग मंत्री. तिकडे निवडणूक हरला आणि इकडे न्यू जर्सीत आमच्या डोक्यावर येऊन बसला.

१२ जानेवारी
वेबसाइटवर त्याचं चरित्र टाकायचं काम माझ्याच गळ्यात. चोविसाव्या वर्षी कोर्टात, चाळिशीत बँकेचा प्रमुख, पन्नाशीत मंत्री. नाव तर मालगाडीएवढं — बापाचं आडनाव, वर आईचं आडनाव. एका अक्षरावरची रेघ राहिली तर पान परत! “मीरा, माणसाच्या नावात चूक नको.”
वा रे वा! तुझं तेवढं नाव, आणि आमचं?

१५ जानेवारी
ग्रीन कार्डसाठी त्याच्या सहीचं पत्र हवंय. नाही दिलं तर जूनमध्ये व्हिसा संपणार, गाशा गुंडाळून नागपूर. प्रितम म्हणतो, “हे बघ, सही होईपर्यंत गप्प बस ना यार.” नवरा झाला तरी त्याला काय कळतंय!
माझ्या आजोबांना गावानं नाव दिलं होतं — कचऱ्या. शाळेच्या दाखल्यावरही तेच. म्हणून बाबांनी विहारात जाऊन, भंतेजींना विचारून माझं नाव ठेवलं. ते या डॉननं खुशाल बदलावं?

२१ जानेवारी
तेरा वेळा. मेला!

२८ जानेवारी
केली तक्रार! एचआरला लिहून दिलं — साहेब हाताखालच्यांना नावानं हाक मारत नाहीत, वाटेल ते म्हणतात. मी लिहिलंय हे कळू देऊ नका, म्हटलं. बरं वाटलं. ग्रीन कार्डचं पत्र गेलं खड्ड्यात!

५ फेब्रुवारी
गेला डॉन! माद्रिदनं परत बोलावलं. वरच्यांशी आधीच बिनसलं होतं म्हणे, त्यात माझी तक्रार. खोकं घेऊन निघाला, तो माझ्या टेबलाशी थांबला.
“गुडबाय, सुमेधा.”
आता बरं आठवलं! मी मान वर केली नाही.

९ फेब्रुवारी
इमिग्रेशनच्या वकिलाकडून पाकीट. पत्र आहे! सही २६ जानेवारीची — तक्रारीच्या दोन दिवस आधीची. तीन पानं कौतुक. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव — एक अक्षर चुकलेलं नाही.
मग मीरा कोण?

१० फेब्रुवारी
ऑफिसात सफाई करणाऱ्या रोसाला विचारलं. ती हसतच सुटली. मीरा कुणी नाहीच. तिच्या आणि डॉनच्या स्पॅनिश भाषेत ‘मिरा’ म्हणजे ‘हे बघ’.
घरी आले. प्रितमला सांगायला तोंड उघडलं, आणि पहिलंच काय निघालं — “हे बघ…”